डिस्क कधीतरी जाणारच

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या घरातली हार्ड डिस्क गेली. गेली म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला लावली की आतून टिक, टिक, टिक असा आवाज यायचा आणि स्क्रीनवर काहीच दिसायचं नाही. त्या डिस्कमध्ये माझे कॉलेजचे फोटो होते, बाबांच्या पेन्शनची कागदपत्रं होती आणि आजीच्या ओव्या होत्या.

फोटोंचं फार वाईट वाटलं नाही. कागदपत्रं पुन्हा मिळाली. ओव्यांचं मात्र आजही गळ्याशी येतं. बाबांनी १९९४ मध्ये वाईजवळच्या आमच्या गावी टेपरेकॉर्डर लावून आजीकडून त्या म्हणून घेतल्या होत्या. सहा कॅसेट, बारा बाजू. २००९ मध्ये मी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. नंतर घर बदलताना बाबांनी विचारलं, "या कॅसेट ठेवायच्या का गं?" आणि मी म्हणाले, "कशाला? कॉम्प्युटरवर आहेत ना सगळ्या." कॅसेट भंगारात गेल्या. मीच घालवल्या.

डिस्क दुरुस्त करणाऱ्यांनी आधी आशा दाखवली, मग आकडा सांगितला आणि शेवटी हात वर केले. नंतर सांगलीच्या आत्याकडे एक जुनी सीडी सापडली. २०१९ च्या पुरात तिचं खालचं घर पाण्यात होतं, पण सीडी माडीवरच्या कपाटात होती म्हणून वाचली. तिच्यात बारापैकी सात बाजू निघाल्या. पाच गेल्या त्या गेल्या.

तेव्हापासून डोक्यात होतं की घरी एक छोटा सर्व्हर बसवायचा. ज्यात घरातलं सगळं राहील, जो आपला असेल, आणि जो पुन्हा असा दगा देणार नाही. त्यासाठी मी एकच प्रश्न घेऊन फिरत होते: सगळ्यात भरवशाची आणि तरी परवडणारी डिस्क कोणती?

प्रश्नच चुकीचा होता, हे समजायला मला बराच काळ लागला. गंमत म्हणजे आपल्या आधी ७० वर्षं मोठमोठ्या लोकांनी हाच चुकीचा प्रश्न विचारून पाहिलाय. त्यांची गोष्ट सांगते.

एक टनाची डिस्क

पहिली हार्ड डिस्क १९५६ मध्ये आयबीएमने बाजारात आणली. कॅलिफोर्नियात सॅन होझे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या तुकडीने ती बनवली. नाव रॅमॅक. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, वजन साधारण एक टन. त्यात मावायची किती माहिती? ५० लाख अक्षरं. आज तुमच्या फोनने काढलेला एक चांगला फोटोसुद्धा त्यात कदाचित बसणार नाही.  डिस्कसह पूर्ण यंत्रणा महिना ३,२०० डॉलर भाड्याने मिळायची.

यातून जी मानसिकता तयार झाली ती पुढे तीस वर्षं टिकली. माहिती मौल्यवान आहे, म्हणून तिच्यासाठी एकच मोठं, महाग, उत्तम बनवलेलं यंत्र घ्यायचं. त्याला थंड खोलीत ठेवायचं आणि त्याची सेवा करायला माणसं ठेवायची. आपणही हेच करतो. "जरा महागातली घे, टिकेल," असं घरचे म्हणतात ते याच विचारातून.

पण तेव्हाही एक माणूस वेगळ्या तऱ्हेने वैतागला होता. बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचा गणिती होता. रिले वापरून चालणारा तिथला कॉम्प्युटर त्याला फक्त शनिवार-रविवारी मिळायचा, तोही देखरेखीला कोणी नसताना. यंत्राला आकडेमोडीत चूक सापडली की ते ते काम सोडून द्यायचं आणि रांगेतलं पुढचं घ्यायचं. सोमवारी येऊन बघावं तर आपलं काम झालेलंच नाही. लागोपाठ दोन आठवडे असं झाल्यावर हॅमिंगला वाटलं, यंत्राला चूक झालीये हे कळतं, मग ती कुठे झाली हे का कळू नये? आणि कुठे ते कळलं तर दुरुस्त का करता येऊ नये?

१९५० मध्ये त्याने याचं उत्तर छापलं. चार बिट माहिती असेल तर तिच्यासोबत तीन बिट जादा पाठवायचे. हे तीन बिट असे बेतायचे की सातांपैकी कोणताही एक उलटला तर नेमका कोणता उलटला हे कळेल. यंत्र चूक करणारच, असं त्याने गृहीत धरलं आणि चूक पचवण्याची सोय आधीच करून ठेवली. आज सर्व्हरसाठी जी ईसीसी रॅम मिळते, तिच्यात दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा असतात. ते हॅमिंगच्याच घराण्यातले.

पंच्याहत्तर लहान विरुद्ध एक मोठी

१९८० च्या दशकात टेबलावरचे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासोबत स्वस्त, छोट्या डिस्क आल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेच्या आवारात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक साधी तुलना मांडली. एका बाजूला आयबीएमची ३३८०, मोठ्या कॉम्प्युटरची राणी, क्षमता ७,५०० एमबी. दुसऱ्या बाजूला मॅकिंटॉशसारख्या कॉम्प्युटरसाठी बनलेली कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क, क्षमता १०० एमबी. म्हणजे एका मोठीच्या जागी ७५ लहान. त्या सगळ्या एकाच वेळी वाचू-लिहू लागल्या तर मोठीला सहज मागे टाकतील, आणि वीजही कमी खातील.

पण एक पेच होता. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास चालणार असेल, तर अशा १०० डिस्क एकत्र लावल्यावर त्यातली एखादी सरासरी ३०० तासांत जाणार. ३०० तास म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. आणि माहिती सगळ्यांवर पसरलेली असेल तर एक गेली की सगळंच गेलं.

त्यांचं उत्तर हॅमिंगच्या वाटेनेच जाणारं होतं. थोड्या डिस्क जादा लावा. त्यांच्यावर अशी माहिती ठेवा की कोणतीही एक मेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातलं सगळं पुन्हा काढता येईल. मेलेली काढा, नवी बसवा, काम चालू. १९८८ मध्ये हा निबंध एका परिषदेत वाचला गेला आणि या रचनेला रेड हे नाव मिळालं. त्या नावातल्या 'आय'चा अर्थ होता स्वस्त. पुढे या वस्तू विकणाऱ्या कंपन्यांना स्वतःच्या मालाला स्वस्त म्हणणं जड गेलं असावं. 'आय'चा अर्थ बदलून 'स्वतंत्र' असा झाला. हा 'स्वतंत्र' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच वर्षी आपल्याकडे पुण्यात वेगळ्या कारणाने असाच विचार चालू होता. सुपरकॉम्प्युटर म्हणजे अमेरिकेचा क्रे, आणि तो बाहेरच्या देशांना देण्यावर तिथल्या सरकारचे निर्बंध. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली, विजय भटकर तिचे प्रमुख. क्रेसारखा एक प्रचंड वेगवान प्रोसेसर आपल्याला बनवता येणार नव्हता. मग ब्रिटिश इनमॉस कंपनीचे, बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर घेऊन ते एकमेकांना जोडायचे ठरले. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एक पहिलवान आणता येत नसेल तर साध्या माणसांची फौज उभी करायची. गनिमी काव्याच्या मुलखात ही युक्ती कोणाला नवी वाटायचं कारण नव्हतं.

बुचाच्या फळीवरचा सर्व्हर

सर्व्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळ्या दिव्यांच्या रांगा येतात. प्रत्यक्षात सर्व्हर हे कामाचं नाव आहे, यंत्राच्या जातीचं नाही. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांच्या कामाचा, सर्न प्रयोगशाळेतला नेक्स्ट कंपनीचा कॉम्प्युटर होता. त्यावर त्यांनी लाल शाईने हाताने लिहून चिठ्ठी चिकटवली होती की हा सर्व्हर आहे, बंद करू नका. कोणीतरी जाता जाता बटण दाबेल ही भीती. आमच्या घरी आता अशीच चिठ्ठी आहे, ती आईसाठी. तिला रात्री सगळी बटणं बंद करायची सवय आहे.

गूगलची सुरुवातही अशीच. स्टॅनफर्डला असताना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ४ जीबीच्या दहा डिस्क एका पेटीत बसवल्या होत्या, आणि ती पेटी लहान मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांची होती. कंपनी झाल्यावर १९९९ मध्ये त्यांनी जे सर्व्हर बनवले त्यांना खोकीच नव्हती. एका ट्रेवर चार मदरबोर्ड उघडेच ठेवलेले, खाली शॉर्ट होऊ नये म्हणून बुचाचा थर. जिथे पैसे वाचतील तिथे वाचवलेले.

त्याचा झटकाही त्यांना बसला. २००० च्या मार्चमध्ये गूगलचा शोध कित्येक महिने जुन्या माहितीवर चालला होता, कारण नवी अनुक्रमणिका तयार होताना मध्येच बिघडायची. जेफ डीन आणि संजय घेमावत हे दोघे आणि त्यांचे सहकारी कित्येक दिवस कोडमधली चूक शोधत बसले. चूक कोडमध्ये नव्हतीच. स्वस्त रॅममधला एखादा बिट आपोआप शून्याचा एक होत होता. पडताळणी करणारी रॅम महाग म्हणून घेतलेली नव्हती. यंत्र निमूटपणे चुकीचं लिहीत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

यावर त्यांनी महाग यंत्रं आणली असतील असं वाटतं ना? तसं झालं नाही. चुका ओळखून सांभाळून घेणारं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं. २००३ मध्ये गूगलच्या इंजिनियरांनी लिहिलेल्या लेखात १५,००० हून जास्त साध्या पीसींचा उल्लेख आहे, आणि हिशोबही आहे. ८८ साध्या यंत्रांचं एक कपाट सुमारे २,७८,००० डॉलरला पडायचं, त्यात १७६ प्रोसेसर. नामांकित पद्धतीचा मोठा सर्व्हर ७,५८,००० डॉलरला, त्यात प्रोसेसर आठ. भरवसा विकत घ्यायचा की जमवायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

११४ वर्षं चालणारी डिस्क

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. डिस्कच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं की बिघाड होण्याआधीचा सरासरी काळ १० लाख तास. भागाकार करा, ११४ वर्षं होतात. मी हे वाचून खूश झाले होते. आजीपेक्षा तिच्या ओव्यांना जास्त आयुष्य.

२००७ च्या फेब्रुवारीत एकाच परिषदेत दोन निबंध आले आणि या आकड्याची हवा गेली. पहिला बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. हो, रेडवाला तोच गिब्सन, १९ वर्षांनी. त्यांनी मोठमोठ्या कॉम्प्युटर केंद्रांतल्या जवळपास एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांप्रमाणे वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलायला लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत.

त्यातल्या दोन गोष्टी घरच्या माणसाने लक्षात ठेवायच्या. पहिली म्हणजे महागड्या, खास सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क आणि साध्या सॅटा डिस्क यांच्या बदलाच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही. दुसरी म्हणजे डिस्क एकेकट्या, आपापल्या वेळेला मरत नाहीत. बिघाड गठ्ठ्याने येतात. नावात स्वतंत्र असल्या तरी त्या तितक्या स्वतंत्र नसतात. एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन डिस्क घेऊन एकीची नक्कल दुसरीवर ठेवणं म्हणजे जुळ्या भावांना एकाच होडीत बसवणं.

दुसरा निबंध गूगलचा, तोही एक लाखाहून जास्त डिस्कवर. सगळ्यांचा समज होता की उष्णतेने डिस्क मरते. त्यांना तसं फारसं आढळलं नाही, फारच तापल्या तरच काहीसा फरक. वय मात्र महत्त्वाचं होतं. पहिल्या वर्षी १.७ टक्के डिस्क जात होत्या, तिसऱ्या वर्षी ८.६ टक्क्यांहून जास्त. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्या नोंदीत पहिली स्कॅनची चूक दिसली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट. पण गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या चारही खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे तब्येतीचा रिपोर्ट वाईट आला तर लगेच हला, पण चांगला आला म्हणून झोपू नका.

आमच्या डिस्कचा रिपोर्ट मी कधी पाहिलाच नव्हता.

२००९ मध्ये श्रोडर आणि गूगलच्या लोकांनी रॅमवरही असाच अभ्यास केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त रॅमच्या पट्ट्यांत चूक सापडत होती. आधी समजलं जात होतं त्याच्या कितीतरी पट.

पूर, आणि दुकानातल्या डिस्क

२००९ मध्ये बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीने आपल्या लाल पेटीचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. १.५ टीबीच्या ४५ साध्या डिस्क, एकूण ६७ टीबी, खर्च ७,८६७ डॉलर. घरोघरी सर्व्हर बनवणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा होता. पोटापाण्याचा धंदा करणारे लोकही तीच डिस्क वापरतात जी आपण वापरतो.

मग २०११ च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडला पूर आला. बँकॉकच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. तिथे डिस्कचे कारखाने होते, आणि डिस्कच्या मोटारी बनवणारेही. काही आठवड्यांत जगभर डिस्कच्या किमती दुपटीहून वर गेल्या. पण दुकानात मिळणाऱ्या, यूएसबीने जोडायच्या डिस्क त्या मानाने स्वस्त राहिल्या. बॅकब्लेझच्या लोकांनी मित्र, नातेवाईक, सगळ्यांना कामाला लावलं. एकेका माणसाला दोनच मिळणार असा नियम, तर दुकानामागून दुकानं पालथी घातली. घरी आणून प्लास्टिकचं कवच फोडायचं आणि आतली डिस्क सर्व्हरला लावायची. शेंगा सोलाव्यात तसं.

सांगलीच्या आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पूर तिकडं आला आणि महागाई इकडं?" मी म्हटलं, "तसंच काहीसं." जगातल्या बहुतेक डिस्क मोजक्याच कंपन्या, मोजक्याच ठिकाणी बनवतात. स्वस्ताई नेहमी राहील असं धरून चालू नये.

२०१३ पासून बॅकब्लेझ आपल्या डिस्कपैकी कोणत्या मॉडेलच्या किती गेल्या ते जाहीर करत आली आहे. ते आकडे वर्षानुवर्षं चाळलं तर एक गोष्ट लक्षात येते. अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट, असं सरळ सांगता येत नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं चालतं आणि दुसरं माना टाकतं. आणि कोणतं मॉडेल चांगलं निघालं हे कळेपर्यंत ते बहुधा बाजारातून गेलेलं असतं.

लॅमिंग्टन रोड

२०२१ च्या १ जूनला गूगल फोटोजची फुकटची अमर्याद जागा संपली. त्याआधी २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालेलं, माझ्या मोठ्या मावसभावाच्या आठवणी त्यात. भाड्याच्या घरात सामान ठेवलं की मालक कधीतरी भाडं वाढवणार किंवा घर पाडणार. मी पैसे भरत राहिले, पण मनात ठरत गेलं.

शेवटी २०२५ च्या दिवाळीनंतर मी लॅमिंग्टन रोडला गेले. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कोणालाही विचारा, तो लॅमिंग्टनच सांगेल. आधी मला रास्पबेरी पाय घ्यायचा होता. २०१२ च्या २९ फेब्रुवारीला ३५ डॉलरला आलेला तो हातभर वायरींचा, तळहाताएवढा कॉम्प्युटर, ज्याने घरच्या सर्व्हरचं वेड घरोघरी नेलं. पण त्याला केस, चार्जर, कार्ड असं सगळं जोडता जोडता किंमत वाढते, आणि फोनसारख्या मेमरी कार्डवर चोवीस तास लिहीत राहिलं तर ते कार्ड झिजतं.

दुकानदारकाकांना म्हटलं, "काका, घरी सर्व्हर करायचाय. सगळ्यात भरवशाची डिस्क कोणती?"

"ताई, वॉरंटी कंपनी डिस्कची देते. आतल्या फोटोंची नाही देत."

सत्तर वर्षांचा इतिहास त्यांनी दोन वाक्यांत सांगितला.

त्यांनी मला ऑफिसमधून आलेले छोटे पीसी दाखवले, जाडजूड पुस्तकाएवढे. बँका आणि आयटी कंपन्या असे पीसी शेकड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढतात. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत, त्यामुळे धडधाकट यंत्रं बाजारात आली. लिनक्सला काही फरक पडत नाही. सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅमचा पीसी मला १०,००० रुपयांच्या आत मिळाला. जुनं यंत्र, पण बाहेर काढण्याचं कारण कॅलेंडर होतं, बिघाड नव्हे.

विजेचा हिशोब मी आधीच केला होता, तो तुम्हीही करा. १० वॉटचं यंत्र वर्षभर चालू राहिलं तर साधारण ८८ युनिट. एखादा जुना मोठा डेस्कटॉप १०० वॉट खात असेल तर ८७६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ८८० विरुद्ध ८,७६०. फुकट मिळालेला मोठा कॉम्प्युटर दीड वर्षात विकतच्या छोट्यापेक्षा महाग पडतो. काका छोटा का दाखवत होते ते कळलं.

या पीसीत ईसीसी रॅम लागत नाही. मग हॅमिंगचं काय? तिथे सन मायक्रोसिस्टिम्समधल्यांनी २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही रचना काही अंशी कामी येते. ती प्रत्येक तुकड्याचा पडताळा वेगळा लिहून ठेवते आणि वाचताना जुळवून बघते. डिस्कवर पडल्या पडल्या बिघडलेलं तिला ओळखता येतं, आणि दुसरी प्रत असेल तर दुरुस्तही करता येतं. लिहिण्याआधीच रॅममध्ये चुकलं तर ते तिला कळत नाही. तेवढी जोखीम मी पत्करली.

दोन डिस्क घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या दुकानांतून. घेण्याआधी त्या शिंगल्ड पद्धतीच्या आहेत का ते पाहिलं. त्या पद्धतीत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून मधलं एक कौल बदलायचं तर पुढची उचलावी लागतात. साध्या साठवणीला चालतं, पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना फार रडवतं. २०२० मध्ये उघड झालं की सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कही अशा होत्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. आणि एक छोटा यूपीएस. वीज जाण्याची आपल्याला सवय असते, लिहिता लिहिता अंधार झालेल्या डिस्कला नसते.

तिसरी डिस्क

हे सगळं झाल्यावर मला वाटलं, आता पक्कं. मग पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आठवला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. दोन डिस्क एकाच टेबलावर असतील तर चोर, आग आणि माझी स्वतःची चूक, तिन्हींना त्या एकत्रच सापडणार. रेड असो की झेडएफएस, मी चुकून फाइल पुसली तर दोन्ही डिस्कवरून ती इमानेइतबारे पुसली जाईल. २००९ ला भंगारात टाकायचा निर्णय कोणत्या डिस्कने घेतला नव्हता.

म्हणून तिसरी डिस्क सांगलीला आहे, आत्याच्या माडीवर, त्याच कपाटात. वर्षातून दोनदा मी जाते, ती जोडते, नवं सगळं भरते आणि जुन्या फाइली खरंच उघडून ऐकते. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नसते.

मागच्या खेपेला आत्या जेवणं झाल्यावर शेजारी येऊन बसली. मी तिसरी फाइल लावली. आधी जात्याची घरघर, मग आजीचा आवाज, मध्ये तिचा खोकला, आणि मागून कोणीतरी लहान मुलगी पाणी मागतेय. आत्या म्हणाली, "ती तूच गं."

मला ते माहीतच नव्हतं. गेलेल्या पाच बाजूंमध्ये आणखी काय काय होतं, तेही आता कधी कळणार नाही.

तुमच्या घरी असं काही असेल, कोणाचा आवाज, कोणाची पत्रं, तर भरवशाचं यंत्र मिळेपर्यंत थांबू नका. तसं यंत्र १९५६ पासून अजून कोणी बनवलेलं नाही. आज रात्री एक प्रत काढा आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवा. कॅसेट असतील तर त्या टाकू नका.